निगेटिव्हवर दरवेळी डाग पडतात? आधी डाग वाचा, मग बोअरला शिव्या द्या

रोल धुतला, वाळला, खिडकीशी धरला. आणि आभाळाच्या मोकळ्या जागेत नेमके पांढरट गोल. हे दुखणं घेऊन माझ्याकडं लातूर, धाराशिव, नांदेडकडची पोरं येतात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, आमच्या बोअरचं पाणीच लई जड आहे." असेलही. आमच्या गल्लीतल्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांनी शिजत नाही आणि साबणाला फेस धरत नाही. पण गेली चौदा वर्षं मी न्हाणीघराला काळा पडदा लावून रोल धुतोय, आणि माझ्या मते डाग दिसला की तो पाण्यावर ढकलायचा, ही या दुखण्यातली सगळ्यात महाग चूक आहे. पाण्याचा डाग बहुतेकदा फुकटात निघतो. बाकीचे डाग पाणी बदलून हटत नाहीत आणि माणूस फिल्टर, आरओ, नवा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) अशी खरेदी करत बसतो. मी बसलो होतो.

खालचं सगळं काळ्या-पांढऱ्या फिल्मबद्दल आहे. कलर रोलच्या शेवटच्या पाण्यात स्टॅबिलायझर लागतो, त्याचं गणित वेगळं.

लक्षणं

निगेटिव्ह कडेनं धरा. तिची एक बाजू काचेसारखी चकचकीत असते. तो नुसता प्लास्टिकचा पाया. दुसरी जरा मंद. तिच्यावर जिलेटिनचा थर, आणि चित्र त्या थरात. आधी खिडकीसमोर आरपार बघा. मग ट्यूबलाइटखाली तिरकी धरून उजेडाची रेघ पृष्ठभागावरून सरकवत बघा, दोन्ही बाजूंनी. भिंग नसेल तर कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स काढून उलटी धरा, झकास काम होतं.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: निगेटिव्हवर काळं ते फोटोत पांढरं, निगेटिव्हवर पारदर्शक ते फोटोत काळं. नुसतं मोबाइलवरचं स्कॅन दाखवून "काळे ठिपके आहेत" म्हणणारे इथं हमखास उलट्या रस्त्याला लागतात.

आता डाग कोणता ते बघा.

– तिरक्या उजेडात चकचकीत बाजूवर पांढरट कडा असलेले गोल किंवा ओघळ, आरपार पाहिल्यास जेमतेम दिसणारे: पाण्यातल्या क्षारांचे. तपासणी १ ते ३.

– तसेच गोल, पण मंद बाजूवर, आरपारही दिसणारे: जिलेटिनवर थेंब बसून राहिलाय. हे जास्त वाईट. तपासणी ३.

– बारीक बारीक शेकडो ठिपके, फिल्मच्या एकाच बाजूला दाट: तपासणी ४. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

– नखाला खरखर लागणारे कण: वाळताना चिकटलेली धूळ. तीही तपासणी ४.

– परकारानं काढल्यासारखे गोल, आत निगेटिव्ह फिकट: डेव्हलपरमधले हवेचे बुडबुडे. तपासणी ५.

– काळे टोकदार ठिपके, कधी कधी शेपटीसकट: न विरघळलेली पावडर. तपासणी ६.

– टाचणीच्या टोकाएवढी पारदर्शक छिद्रं किंवा जिलेटिनला वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी जाळी: आम्ल आणि तापमान. तपासणी ७.

– सगळ्या रोलवर दुधाळ झाक: बहुधा फिक्सर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन. तपासणी ८.

– प्रत्येक फ्रेममध्ये अगदी त्याच जागी तोच डाग: कॅमेरा. धुलाई सोडा, थेट शेवटच्या भागाकडं जा.

तपासणी १: पुसून बघा (खर्च शून्य)

चकचकीत बाजूवर तोंडाची वाफ सोडा आणि जुन्या धोतराच्या मऊ, स्वच्छ फडक्यानं हलकेच पुसा. डाग गेला किंवा फिका झाला, तर तो क्षारांचा होता आणि फिल्मच्या वर बसलेला होता. आतलं चित्र शाबूत आहे. मंद बाजूवर मात्र हा प्रयोग करू नका. जिलेटिनला ओरखडा पडला की तो कायमचा.

हे आधी करायचं कारण असं की दोन मिनिटांत कळतं, डाग फिल्मच्या वर आहे का आत. आतला असेल तर तपासणी २ सोडून द्या.

तपासणी २: फक्त शेवटचं पाणी बदला (वीस-तीस रुपये)

बोअरच्या पाण्याचं गणित एकदा करून बघा. माझ्या बोअरचा टीडीएस मे महिन्यात १,३०० च्या आसपास जातो, म्हणजे लिटरमागं १,३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. त्यामुळं पिणाऱ्याला हे पाणी चालून जातं. फिल्मला चालत नाही. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तर तो वाळल्यावर मागं ०.०६५ मिलिग्रॅम चुना-मीठ उरतं. हंड्यावर ते दिसणारही नाही. पण ३५ मिमीची फ्रेम असते २४ बाय ३६ मिलिमीटरची, आणि ती आपण दहा पट मोठी करून बघतो.

सगळी धुलाई चांगल्या पाण्यात करायची गरज नाही. धुलाई बोअरच्या पाण्यात होऊ द्या. सगळ्यात शेवटी, फिल्म टांगायच्या आधी, एक टाकीभर (टाकी म्हणजे रोल धुवायचा छोटा बंद डबा) डिस्टिल्ड वॉटर पुरतं. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात 'बॅटरीचं पाणी' म्हणून मिळतं ते. सीलबंद बाटलीच घ्या आणि लेबल वाचा. बॅटरीचं ॲसिड त्याच दुकानात, तसल्याच कॅनमध्ये असतं, आणि ते सल्फ्युरिक आम्ल आहे. सुटं, कॅनमधून ओतून दिलेलं पाणी मी घेत नाही.

खात्रीसाठी नवा रोल घालवू नका. एखाद्या जुन्या, वाया गेलेल्या रोलचे दोन तुकडे करा. एक बोअरच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून तसाच टांगा. दुसरा तसाच भिजवा, पण शेवटी बॅटरीच्या पाण्यातून काढा. दोन्ही शेजारी वाळू द्या. दुसरा स्वच्छ निघाला तर उत्तर मिळालं. दोन्हीवर सारखेच ठिपके असतील तर पाणी निर्दोष आहे. माझ्याकडं येणाऱ्यांपैकी ही चाचणी आधी करून आलेला माणूस मला अजून भेटायचाय.

लोक यावर जे घरगुती उपाय करतात त्याबद्दल. पाणी उकळलं की बायकार्बोनेटचा चुना भांड्याच्या तळाशी बसतो हे खरं. पण क्लोराइड आणि सल्फेट पाण्यातच राहतात, आणि वाफ गेल्यामुळं ते उलट घट्ट होतात. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार तसाच. फडक्यानं गाळून तर फक्त फडकं मळतं. वीस लिटरच्या जारचं पाणी चालतं, पण प्रत्येक जारवाला वेगळा आणि एकाच जारवाल्याचं पाणीही दर महिन्याला वेगळं. दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर घ्या. जार ५० च्या खाली असेल तर बिनधास्त वापरा.

पाण्यावरूनच एक उपकथा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात मी एकही रोल धुतला नाही. शेजारची बाई हंड्यासाठी रांगेत उभी असताना नळाखाली फिल्म धरायची लाज वाटली. जुन्या पुस्तकांत 'वाहत्या पाण्यात अर्धा तास' असं लिहिलेलं असतं. ज्याच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो त्यानं काय करायचं? इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत तेव्हापासून मी पाळतो: टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. एका रोलला ३०० मिलिलिटर लागतं, म्हणजे तीन भरण्यांत एक लिटरसुद्धा नाही. फिक्सरमध्ये हार्डनर (जिलेटिन कडक करणारा पदार्थ) नसेल तरच हे पुरतं, त्याचं पुढं येईल.

तपासणी ३: वेटिंग एजंट आणि बोटं

थेंब फिल्मवर गोळा होऊन बसतो तो पृष्ठताणामुळं. वेटिंग एजंट तो ताण कमी करतो आणि पाणी पापुद्र्यासारखं खाली सरकून जातं. कोडॅकचं फोटो-फ्लो २०० हे १:२०० नं वापरायचं, म्हणजे ३०० मिलिलिटरला दीड मिलिलिटर. सिरिंजनं मोजा. "थोडं जास्त टाकलं, बरं असतं" म्हणणाऱ्यांच्या फिल्मवर त्याच द्रावणाचा चिकट ओघळ मी पाहिलाय, आणि तो क्षारापेक्षा वाईट निघतो. भांड्याच्या लिक्विडात सुगंध आणि रंग असतो. माझं मत विचाराल तर नको.

फिल्म सरळ न टांगता तिरकी टांगा, म्हणजे पाणी खालच्या कडेला जमा होऊन छिद्रांच्या पट्टीवरून ओघळतं, चित्रावरून जात नाही. दोन बोटांत धरून निपटायची सवय असेल तर सोडा. बोटांमध्ये वाळूचा एक कण सापडला की पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्या फ्रेमपर्यंत एक सरळ रेघ.

मंद बाजूवरचा थेंबाचा डाग पुसून जात नाही. थेंबाखालचं जिलेटिन उशिरा वाळतं, आजूबाजूचं आधी आक्रसतं, आणि तो फरक चित्रातच बसतो. आमच्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की फिल्म अर्ध्या तासात कडकडीत होते. थेंबाला ओघळायला वेळच मिळत नाही. अशी फिल्म डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा मिनिटं भिजवून, वेटिंग एजंटमधून काढून पुन्हा टांगा. कधी कधी डाग बराच फिका होतो. एकदाच करून बघा. दुसऱ्यांदा केल्यानं काही मिळत नाही.

तपासणी ४: वाळत घालायची जागा (खर्च शून्य, आणि तरी कोणी बघत नाही)

माझे तीन उन्हाळे इथं गेले. मार्च संपला की निगेटिव्हवर राईपेक्षा बारीक पांढरे ठिपके यायला लागायचे आणि पहिला पाऊस पडला की थांबायचे. मी पाणी बदललं. डिस्टिल्ड वॉटर आणलं, जारवाला बदलला, गच्चीवरची टाकी घासून घेतली, नळाला पाच मायक्रॉनचं फिल्टर बसवलं. ठिपके तसेच. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली जाते, क्षार वाढतात, म्हणून उन्हाळ्यातच डाग येतात, असं शास्त्रोक्त स्पष्टीकरणही मी चार जणांना ऐकवलं.

मग एका मे महिन्यात रोल टांगला आणि लाइट गेली. तीन तास आली नाही. तो रोल लख्ख निघाला.

फिल्म मी न्हाणीघर आणि हॉलच्या मधल्या बोळात टांगायचो, आणि हॉलमध्ये कूलर. लोखंडी, गवताच्या ताट्यांचा, तीन बाजूंनी पाणी गळणारा. त्यात पाणी बोअरचं, आणि दिवसभर वाफ होऊन होऊन टाकीत उरलेलं पाणी बोअरपेक्षाही खारट झालेलं. पंखा त्याचे बारीक तुषार थेट बोळात फेकत होता. ओल्या जिलेटिनवर एकेक तुषार बसायचा, वाळायचा, आपला क्षार ठेवून जायचा. कूलरकडं तोंड असलेल्या बाजूला ठिपके दाट असायचे आणि मागच्या बाजूला तुरळक. तीन वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. शेवटच्या धुण्याला डिस्टिल्ड वॉटर आणि वाळवायला कूलरचं पाणी, असा तो कारभार. घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, "मी कधीची म्हणतेय, कूलरसमोर चष्मा ठेवला की खराब होतो म्हणून."

तुमच्या घरी हे आहे का ते बघायला एक सोपी चाचणी. बंद पडलेल्या मोबाइलची काळी काच स्वच्छ पुसा आणि फिल्म जिथं टांगता तिथं, तेवढ्याच उंचीवर, तासभर लटकवा. घरातले पंखे, कूलर रोजच्यासारखे चालू ठेवा. मग तिरक्या उजेडात बघा. काचेवर जे बसलंय तेच फिल्मवर बसतं. पांढरे ठिपके ओल्या बोटानं पुसले जाऊन चव खारट लागली तर कूलर. राखाडी किंवा काळसर भुकटी असेल तर धूळ. काळ्या रानाची माती उन्हाळ्यात किती बारीक होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. खिडकी बंद असली तरी फटीतून येते.

उपाय: वाळवण्याच्या वेळी कूलर आणि पंखा दोन्ही बंद. न्हाणीघराच्या फरशीवर आणि भिंतींवर आधी पाणी मारा, धूळ खाली बसते आणि हवेत जरा दमटपणा येऊन फिल्म सावकाश वाळते. दार लावून घ्या, दोन तास कोणाला आत जाऊ देऊ नका. एवढी शिस्त घरात पाळली जात नसेल तर कपड्यांची कापडी झिपवाली उभी पिशवी मिळते, तिच्यात टांगा. मी आता तेच करतो. नळाचं फिल्टर अजून आहे, काढायला आळस.

तपासणी ५: बुडबुडे

डेव्हलपर ओतल्या ओतल्या टाकीचा तळ तळहातावर दोन-तीनदा ठोका. प्रत्येक वेळी टाकी उलटी केल्यावरही एकदा ठोका. बुडबुडा जिथं चिकटतो तिथं डेव्हलपर पोचत नाही, म्हणून निगेटिव्हवर फिकट गोल आणि फोटोत काळा. आधी मिनिटभर साध्या पाण्यात भिजवून घेतलं तर आणखी बरं. डेव्हलपरमध्ये वेटिंग एजंटचा अंश राहिला तर फेस होतो. टाकी आणि रीळ गरम पाण्यानं धुवत जा.

तपासणी ६: पावडर नीट विरघळली का

पाकिटातलं डी-७६ (डेव्हलपरची पावडर) असेल तर ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात सावकाश ढवळा आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. घरी वजन करून बनवणाऱ्यांचा घोळ क्रमात होतो. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. आणि मेटॉल सल्फाइटच्या आधी. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, कण तरंगत राहतात आणि जिथं बसतात तिथं काळा ठिपका. मेटॉलच्याही आधी सल्फाइटची फक्त एक चिमूट टाकतात, म्हणजे ते हवेनं खराब होत नाही.

इथं मात्र पाण्याचा दोष खरा असू शकतो. जड पाण्यातलं कॅल्शियम सल्फाइटशी मिळून तळाला पांढरा गाळ धरतं. डेव्हलपर जारच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यातच बनवा. ते जमत नसेल तर सगळ्यात आधी लिटरला एक-दोन ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट विरघळवा. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. वापरण्याआधी कापसातून गाळा. मास्क लावा आणि मेटॉल उघड्या हातानं हाताळू नका.

तपासणी ७: तापमान आणि स्टॉप बाथ

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आणि पुस्तकातले आकडे २० अंशांचे. जिलेटिन गरम पाण्यात फुगतं, मऊ पडतं; २४ च्या डेव्हलपरमधून ३८ च्या नळाखाली फिल्म गेली की त्याला जाळी पडू शकते. आजच्या फिल्म पुष्कळ सोसतात. जुन्या नाही सोसत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' कोणाच्या कपाटात अजून सापडते, तिला जपा.

बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होतो. माझी पद्धत माठाची: आदल्या रात्री दोन माठ भरून खिडकीत ठेवतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सकाळी पाणी २४-२५ पर्यंत उतरलेलं असतं. धुलाईचं, फिक्सरचं, सगळ्याचं पाणी एकाच तापमानाला आणायचं. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. २० वर आणायचा हट्ट सोडून डेव्हलपरची वेळ कमी करा, अंशामागं साधारण दहा टक्के. एखाद्या फिल्मला २० अंशांवर १३ मिनिटं लागत असतील तर २४ वर नऊच्या आसपास. पाच मिनिटांच्या खाली वेळ जात असेल तर डेव्हलपर पातळ करा, नाहीतर चित्र असमान उमटतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ काही करत नाही. तेव्हा फ्रीजमधल्या बाटल्या बाहेरच्या टबात ठेवायच्या.

टाचणीएवढ्या छिद्रांचं कारण वेगळं. डेव्हलपरमध्ये कार्बोनेट असेल आणि स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्लाचं पाणी) तीव्र असेल, तर फिल्मच्या मऊ थरातच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फुटतात. स्टॉप सौम्य करा, नाहीतर नुसत्या पाण्यानं दोन वेळा खळबळा.

तपासणी ८: फिक्सर

रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. ताज्या फिक्सरला जेवढा वेळ लागत होता त्याच्या दुप्पट लागायला लागला, की तो फिक्सर संपला. दुधाळ झाक असलेला रोल ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा टाकला तर बहुतेक वेळा साफ होतो.

उन्हाळ्यात जिलेटिन मऊ पडू नये म्हणून हार्डनर असलेला फिक्सर वापरतात, आणि तो हार्डनर म्हणजे आपली तुरटीच. कोडॅकच्या जुन्या एफ-५ मध्ये ती लिटरला १५ ग्रॅम असते. पण सोबत ॲसेटिक आणि बोरिक आम्ल, सल्फाइट, सगळं मोजून. नुसत्या हायपोत (फिक्सरचं मूळ रसायन) तुरटीचा खडा फिरवला तर पांढरा गाळ होतो आणि तो फिल्मवर बसतो. एकानं केलं होतं. हार्डनर वापरलात की वरची तीन भरण्यांची धुलाई पुरत नाही, पाणी आणखी सहा-सात वेळा बदला.

तपासणी ९: चुन्याची खपली काढणं

सगळं बघून झालं, डाग क्षाराचाच आहे, वाफ आणि फडक्यानं जात नाही, तर हा शेवटचा घरगुती उपाय. साधं पांढरं व्हिनेगर, बिनरंगाचं, चार टक्क्यांचं, तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. दोन टक्के आम्ल झालं. फिल्म त्यात दोन मिनिटं, मग पाच-सहा वेळा पाणी बदलून धुवा, शेवटी डिस्टिल्ड आणि वेटिंग एजंट. चुना आम्लात विरघळतो म्हणून हे चालतं. आधी एक बिनमहत्त्वाची पट्टी करून बघा, आणि एकदाच.

इथं थांबा, जाणकाराकडं जा

डाग दरवेळी त्याच जागी येत असेल तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून बघा. डाग पारदर्शक असेल तर फिल्मच्या खिडकीत केस किंवा कचरा अडकलाय. तो ब्लोअरनं काढा. डाग काळा असेल तर शटरच्या कापडी पडद्याला भोक असण्याचा संभव. लेन्स काढून, अंधारात टॉर्च मारून बघा, चांदणीसारखं दिसतं. पडद्याला हात लावू नका, नेलपॉलिशनं बुजवू नका. कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडं द्या.

बोअरचं पाणी लालसर, वासाचं किंवा तेलकट तवंगाचं येत असेल तर फिल्म बाजूला ठेवा, ते घरात प्यायलं जातंय का ते आधी बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, कोणते ते सांगत नाही.

बोटांच्या बेचक्यांत खाज, लाली, कातडी फुटणं सुरू झालं तर मेटॉलची ॲलर्जी असू शकते. मलम बदलत बसू नका, डेव्हलपर बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. वापरलेला फिक्सर शोषखड्ड्यात सोडू नका, त्यात चांदी असते आणि तुमचा बोअर तिथूनच पाणी ओढतो. कॅनमध्ये साठवा आणि एक्स-रेचा फिक्सर गोळा करणाऱ्याला द्या.

आणि जुन्या निगेटिव्ह. मागच्या दिवाळीत औशाकडच्या एक काकू डबा घेऊन आल्या, सासऱ्यांनी काढलेले गावच्या जत्रेचे रोल. पट्ट्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. "धुवून द्या की जरा, डाग जातील." ती बुरशी होती. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. धुतलं असतं तर डागासोबत जत्राही वाहून गेली असती. एकमेकींना चिकटलेल्या, व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणाऱ्या, किंवा ज्यांची दुसरी प्रत कुठंच नाही अशा निगेटिव्हना घरी पाणी लावायचं नाही. त्यांना जुन्या कागदपत्रांचं आणि फोटोंचं जतन करणारा जाणकार लागतो. मी डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या, जाताना डबा गच्च लावून दिला, आणि जाणकार सापडेपर्यंत तो स्वयंपाकघरापासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा म्हणून सांगितलं. काकू जरा नाराजच गेल्या.